नग चार

टिपणीसबाईंनी चार चित्रं आणली,
वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून.
"ह्यांच्या कपाटात सापडली. जपानी कंपनीत होते ना, वागळे इस्टेटला.
फ्रेम करा. नाहीतर... नाही, कराच."
पावतीवर मी लिहिलं : बायका, जपानी, नग चार.

नौपाड्यातलं आमचं दुकान एक ते चार बंद.
शटर अर्धं ओढून मी तेव्हा माउंट कापते
पंचेचाळीस अंशात, श्वास धरून.
त्या दुपारी हात चालेना.

एक पायाची नखं काढतेय,
जिभेचं टोक दातांत.
एक मच्छरदाणीतून अर्धी बाहेर,
पुरती उठावं की नको ह्या विचारात.
एकीनं न्हाऊन आल्यावर फडक्याचं टोक कानात घातलंय
आणि डोळे मिटलेत,
त्या सुखाला कुठल्याच भाषेत नाव नसावं.
चौथीची नुसती पाठ.
वर बांधलेले केस, आणि मानेवर सुटलेले चार-पाच
इतके बारीक की मी भिंग आणलं.

हे लाकडात कोरलंय.
म्हणजे केस तेवढा ठेवायचा
आणि भोवतालचं सगळं लाकूड काढून टाकायचं.

माझे वडील जांभळी नाक्यावर शिक्के करायचे.
'खरी प्रत', 'रोख मिळाले'.
जन्मभर उलटं कोरलं,
म्हणून घरातलं बोलणंही त्यांना उलटंच ऐकू जातं, आई म्हणायची.
तिच्या मानेवरही असेच सुटायचे केस.
त्यांना कोरता आले असते.
आधी दिसायला हवे होते.

नखंवालीच्या ओठांचा लाल
रेषेबाहेर घसरलाय, तांदळाच्या कणीएवढा.
ठसा उमटवताना कुणाला तरी शिंक आली असेल.
बाकीच्या तिघी चित्रं आहेत.
ही चहा घेऊन आलेली वाटते.

गुरुवारी टिपणीसबाई पट्टी निवडायला आल्या.
चौघींसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या, पर्स पोटाशी धरून.
"कपाटाचं दार उघडून एकटेच बघत बसायचे.
मी आले की दार लावायचे."
आणि मग, माझ्याकडे न बघता,
"ह्यांना तरी कुणी विचारलं होतं का, बघू का म्हणून?"

मी विचारलं, काच साधी की बिनचमकीची?
"साधी," त्या म्हणाल्या,
"बघणाऱ्याला स्वतःचंही तोंड दिसू दे थोडं."

रात्री दिवे घालवायच्या आधी
मी चौघींना भिंतीकडे तोंड करून ठेवलं.
पाठमोरीलासुद्धा.
क्लिप काढून दातांत धरली,
मान कडकन मोडली,
घामोळ्यांवरून सावकाश नखं फिरवली.
बाहेर गोखले रोडवर कुणाचा तरी हॉर्न अडकला होता.
इकडे कुणी बघत नव्हतं.