शेरा

हिप्परगी सरांनी प्रकरण चौथ्यांदा परत दिलं.
समासात तांबड्या पेनानं एकच शब्द: संदर्भ?
खालच्या टिंबाला कागद फाटला होता.

केगावच्या ग्रंथालयात, खिडकीजवळचा तीन नंबरचा संगणक.
मी टाइप करते: लघु दैनिके, व्यवस्थापन, वितरण.
तो विचारतो, तुम्हाला हे म्हणायचं होतं का?
नाही रे बाबा, मला हेच म्हणायचं होतं.

'सोलापूर' टाकलं की चादरी येतात, टॉवेल येतात.
जुन्या इंग्रजी स्पेलिंगनं 'शोलापूर' टाकलं तेव्हा
गिरण्यांचा एक अहवाल वर आला,
त्याच्या तळटीपेत एक नाव,
नावामागे एक शोधपत्रिका, तिच्या दाराला कुलूप:
एकोणचाळीस डॉलर, चोवीस तासांसाठी.
आईची हजार विड्यांची मजुरी
मी मनातल्या मनात डॉलरात करून पाहिली.
करू नये.

स्वामीबाई ग्रंथपाल म्हणाल्या, लेखकालाच पत्र टाक,
पुष्कळ जण देतात पाठवून.
लिस्बनच्या बाईंनी दोन दिवसांत पाठवला, वर शुभेच्छा.
लेख चांगला होता. त्यात एका गावातला पाववाला
पावाबरोबर पेपर विकायचा.
आणि आमच्याकडे कोण विकायचं?

भद्रावती पेठ, जिना अरुंद. लक्ष्मीनारायण म्याकल,
बंद पडलेल्या 'सांजभोंगा'चे वितरण बघणारे.
अंक आहेत का काका?
अंक कुठले, परत आलेले सगळे
शेंगाचटणीवाल्यानं किलोनं नेले.
चटणी गेली की लोकांच्या पोटात. तिथं शोधा.
मग पेटीतून वह्या काढल्या, डांबरगोळ्यांच्या वासाच्या.
हिशेब कोण खातंय, म्हणाले.

तारीख, विक्रेता, दिले, परत, बाकी. शेवटचा रकाना: शेरा.
गड्ड्याची यात्रा, साठ जादा.
विजापूर वेस, परत अकरा. कारण अग्रलेख.
भोंगा उशिरा, पोरं झोपली.
आणि एका पानावर, तेलाच्या डागाशेजारी:
बीडी शाखा ७. अंक १. ऐकणाऱ्या ३२.

मराठी पेपर कळायचा त्यांना?
डोळे मराठीवर, तोंडात तेलुगू. वाचता वाचताच
उलटा करायची ती पोरगी. मजुरी कापली जाऊ नये म्हणून
बाकीच्या तिच्या वाटणीच्या विड्या वळायच्या.
मी विचारलं, किती? ते म्हणाले, ते आमच्या वहीत कसं येईल?

सरांनी विचारलं, तज्ज्ञांनी तपासलेलं आहे का हे?
मी काकांना विचारलं.
काका हसले, ठसका लागेपर्यंत. अहो, भाव चुकीचा छापला
तर दुसऱ्या दिवशी बत्तीस जणी दारात.

वर्गणी, जाहिरात, अनुदान: माझ्या तक्त्यात
उत्पन्नाचे तीनच रकाने होते.

रात्री आई सूप मांडीवर घेऊन बसली.
मी सहज काढलं, बीडी शाखेत पेपर वाचायचे का गं?
तिनं पान कात्रीखालून वर पाहिलं नाही.
तीन-तीन द्यायचो आम्ही.
काय तीन?
विड्या. वाचणारीला. माणशी तीन.
बत्तीस त्रिक शहाण्णव. शंभराला चार कमी.
सव्वीस वर्षं मी या सुपासमोर अभ्यास केला,
दिव्याचा उजेड तिच्याकडून ओढून घेऊन.

आता ही टीप कशी लिहायची?
म्याकल, ल. ना. वितरण वही क्रमांक सहा, शेरा, अप्रकाशित.
इथवर ठीक. त्यापुढे
यन्नम, सुशीला. विडी वळताना. स्वयंपाकघर.
साल विचारलं तर म्हणाली,
तुझा दादा पोटात होता तेव्हा.

मग म्हणाली, काय लिहिलंस ते वाच की.
मी वाचू लागले, मराठीवर डोळे ठेवून, तिच्या भाषेत.
'व्यवस्थापन' या शब्दाशी अडले.
कात्री थांबली नाही.
ते सोड, म्हणाली. पुढचं वाच.