खिळ्याखालची खुर्ची

तसबीर उतरवली तेव्हा शिडी मी धरली होती.
वर ओटिया. त्यानंच ती रंगवली होती,
तरुणपणी, पैशांसाठी,
हे तो आता कुणाला सांगत नाही.
मागे उरला एक चौकोन,
भिंतीच्या मूळ पोपटी रंगाचा.
बाकी सगळीकडे चियातुराच्या खाणीची काळी साय.
आणि एक खिळा. तो निघेना.

मग आली नवी घटना, आणि तिच्यामागून
तिबिलिसीहून मामुका नावाचा एक पोरगेला तज्ज्ञ,
काखेत आकृत्यांची गुंडाळी.
म्हणाला, सत्ता ही वस्तू नव्हे, मांडणी आहे.
लांब टेबल मोडा, गोल करा.
अध्यक्ष दर महिन्याला पाळीनं बदला.
ज्या टेबलाला डोकं नाही
त्याला हुकूम सोडता येत नाही.
आम्हाला पटलं. सुताराला पैसे दिले.

मी नगरसभेचं इतिवृत्त लिहिते.
वहीत ठरावाला रकाना असतो, मानेला नसतो.
म्हणून मागच्या पानावर, पेन्सिलीनं,
मी वेगळा हिशेब ठेवत गेले:
कुणाचा हात कुणाच्या नंतर वर गेला.
अकरा वर्षं.

गोल टेबलाला डोकं नसतं, खरं आहे.
पण त्या चौकोनाखाली जो बसेल
त्याचा हात आधी,
मग बाकीच्यांचे, एकामागून एक,
वाऱ्यानं गवत झुकत जावं तसे.
एका महिन्यात तिथं वेनेराची पाळी आली.
ती शाळेत भूगोल शिकवते,
तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही.
सगळे तिची री ओढू लागले.
पहिल्या आठवड्यात ती घाबरली.
तिसऱ्यात घाबरेनाशी झाली.
तेव्हा मी घाबरले.

ओटियाकडे गेले.
आता तो थडग्यांसाठी काळ्या दगडावर
मेलेल्यांचे चेहरे कोरतो.
म्हटलं, त्या डोळ्यांची युक्ती काय होती?
खोलीत कुठंही उभं राहा, बघायचे.
छिन्नी न थांबवता म्हणाला,
युक्ती कसली, बुबुळं मधोमध ठेवायची.
चित्र कुणाकडेच बघत नसतं, त्सियाला.
उरलेलं काम बघणारा करतो,
फुकट.

फेब्रुवारीतल्या एका रात्री
पहारेकरी द्झेमाल आणि मी
टेबल ढकलत ढकलत शेगडीपाशी नेलं,
आणि चौकोनाखाली आणून ठेवला
कोट अडकवायचा दांडा.
ठराव नव्हता. नोंद नाही.

सकाळी सगळे आले, कुरकुरले, कोट काढले.
वेनेराला आकडा उरला नाही,
तिनं आपला ओला तपकिरी कोट
टाचा उंचावून
त्या खिळ्याला टांगला.
विषय होता वरच्या वस्तीच्या पंपाचा.
मी मत पुकारलं, सवयीनं माना भिंतीकडे वळल्या.
तिथं कोट ठिबकत होते.
एकाही बाहीनं हात वर केला नाही.

मग जे झालं ते चार तास झालं.
कढईत लाह्या फुटाव्यात
तसे हात, इकडून, तिकडून, वर गेलेले पुन्हा खाली.
कुणीतरी पेला आपटला.
दोन सख्खे भाऊ एकमेकांविरुद्ध गेले
आणि बाहेर पडताना एकाच सिगारेटवर भांडले.
सहा विरुद्ध पाच. पंप पडला.

वरच्या वस्तीत मी राहते.
अजून दोनशे दहा पायऱ्या बादल्या वाहते,
आणि प्रत्येक वळणावर टेकून
त्या सहा जणांना शिव्या देते, नावानिशी.
चूक त्यांची आहे, निखालस त्यांची,
कुणाची बघून केलेली नाही.

पेन्सिलीचं पान फाडून टाकणार होते.
राहू दिलं.
कारण परवा, हात वर जाण्याआधी,
तीन-चार माना शेगडीकडे वळताना दिसल्या.
शेगडीजवळ उजेड बरा असतो.
तिथं मी बसते,
वही घेऊन.