चाळीस शब्दांत

पुण्याहून प्रकाशकांचा निरोप :
मलपृष्ठासाठी लेखिकेचा परिचय पाठवा. चाळीस शब्द.
जन्म, शिक्षण, व्यवसाय, सध्या वास्तव्य.
सोबत अलीकडचा एक फोटो.

दहा दिवसांपूर्वी याच टेबलावर
मी दुसरा मजकूर लिहिला,
वाडीत माझं अक्षर बरं म्हणून.

लवू बाबल तारी. वय एक्याऐंशी.
उंची सुनेने हात वर करून दाखवली,
दाराच्या चौकटीतल्या खिळ्याएवढी. मी लिहिलं, पाच फूट तीन.
वर्ण सावळा. अंगात निळी बंडी.
डाव्या अंगठ्याला नख नाही.
शेवटचे पाहिले :
इथे पेन अडलं.
शेवटचं ज्याने त्याने वेगळं पाहिलेलं.
इनासने माडाखाली, विडी शिलगावताना,
काडी दोनदा विझली म्हणे.
रुक्सानाभाभीने पाणंदीत. तिला त्यांनी विचारलं, "भरती कितक्याची?"
आणि ती घाईत होती.
द्रौपदीने पाहिलंच नाही, नुसता खोकला ऐकला,
त्या खोकल्यावरून ती रोज नव्याने रडते.

फोटो एकच, नातीच्या बारशातला.
माणसं कापून त्यांना एकटं काढलं
तरी खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाच, बांगड्यांसकट.

खाडीवर पूल झाला आणि तर बंद झाली.
होडी परसात पालथी, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
लवूआजोबा मात्र दिवेलागणीला जुन्या धक्क्याकडे निघत,
आणि आम्ही बघत असू.
कुणी ठरवलं नव्हतं.
भात शिजेपर्यंत द्रौपदी, चुलीकडच्या खिडकीतून,
मग इनास, मासा कधीच न लागणाऱ्या जागी गळ टाकून,
सोमवारी आणि गुरुवारी मी.

गेल्या उन्हाळ्यात मला सापडले होते ते.
पाय पाण्यात, हातात दोर, दोराला काही नाही.
माझ्याकडे बघून म्हणाले,
"कोणाचा चेडू गो तू?"
मी चोपन्न वर्षांची. पदवी, नोकरी, कपाटात कवितांच्या चार वह्या,
त्यातलं काही चालणार नव्हतं.
म्हटलं, "न्हानू सुताराचा."
"मगे बस. तुझ्याकडसून पैशे नको."
बसले. पायरीवरच.
वल्हं नसलेल्या हातांनी त्यांनी मला बरंच लांब नेलं,
मग थकले, म्हणाले, "उतर आता."
तेव्हा आम्ही घरी आलो.

हे मी ठाण्यात सांगितलं नाही.
हेही नाही, की त्या दिवशी गुरुवार होता.
मी प्रुफं तपासत होते.
एका ओळीतला स्वल्पविराम
काढू की ठेवू, काढू की ठेवू,
मान वर केली तेव्हा खाडी दिसत नव्हती.

स्वल्पविराम ठेवला आहे. पान सदतीस.

आता रात्री खाडीकडच्या सगळ्या खिडक्यांत बल्ब.
काल मी बारा वाजता बटणाकडे हात नेला
तर कुंपणापलीकडून इनास,
"ऱ्हवांदे गो लायट."
म्हणजे तोही जागा. म्हणजे तो माझीही खिडकी बघतो.

तर परिचय.
"जन्म न्हानू सुताराच्या घरी, ज्याने लवू तारींची होडी बांधली.
ग्रामपंचायतीत कारकून. हे पहिलंच पुस्तक.
प्रुफं तपासताना लेखिकेने खिडकीबाहेर पाहिलं नाही.
वास्तव्य खाडीकाठी, दिवा चालू ठेवून.
निळी बंडी, डाव्या अंगठ्याला नख नसलेले वृद्ध
कुठे दिसल्यास त्यांच्याशेजारी बसावं. मग कळवावं."

प्रकाशक म्हणतील, बाई, हा परिचय नव्हे.

मोजले. अडतीस भरले.
दोन शब्द उरलेत :
भरती कितक्याची?