वाटा

सड्यावर, जिथे आधी नुसता कातळ होता
आणि श्रावणात गुडघाभर तेरडा,
तिथे आता आमचं विद्यापीठ आहे.
काचेचं. खिडक्या उघडत नाहीत.
मानसशास्त्राची लॅब दुसऱ्या मजल्यावर,
एसी एकोणीसवर,
समुद्र दिसतो, ऐकू येत नाही.

प्रॅक्टिकलला घरातलं माणूस घेऊ नका, सांगितलं होतं.
मी आत्याला घेतलं.
आत्या घरातली नाही, बंदरातली.

हर्णैच्या वाळूवर, लिलाव उठल्यावर,
संमतीपत्र वाचून दाखवलं तिला:
"कोणतंही कारण न देता, कोणताही दंड न भरता
केव्हाही माघार घेता येईल."
परत वाच, म्हणाली.
परत वाचलं.
टोपलीतला बर्फ हाताने सारखा करत म्हणाली,
"बरा आहे गो तुमचा धंदा."
आणि सही केली, द्वारका हरी चोगले,
'ह'च्या पोटात एक खवला चिकटला.

आकडे सांगते, उलटे म्हण, म्हटलं.
तीन जमले. चारला चुकली.
पाचला म्हणाली,
"उलटं कशाला? घेणं उलटं म्हटलं की देणं होतं."
मॅन्युअलच्या तक्त्यावरून बोट फिरवलं:
सरासरीहून कमी. बरंच कमी.
तेवढ्यात एक बाई टोपलीशी थबकली
आणि आत्या, मान वर न करता,
"रजिया, शिमग्याआधीचे दोनशे चाळीस,
त्यातले शंभर तुझ्या पोराने दिले,
तो बोंबील घेऊन गेला ते वेगळे."
माझ्या हातात स्टॉपवॉच चालूच होतं.

मग शाईचे डाग,
मॅडमना न विचारता झेरॉक्स केलेले.
पहिल्यात माकूल.
दुसऱ्यात माकूल, फुटलेलं.
तिसरा कागद बराच वेळ धरला,
उन्हात तिरका केला,
"हे धुतलं नाही का कुणी?"

शेवटी मुलाखत.
आतोबा दुबईला गेले, सहा महिन्यांनी फोन बंद लागला,
तेव्हा तुला काय वाटलं?
विचारायचं आणि गप्प राहायचं,
असं शिकवलंय आम्हाला. गप्प राहण्याला तीन मार्क आहेत.

"वाटलं ना.
सकाळी कोळंबीचे वाटे घातले
ते रोजच्याहून मोठे झाले.
चार दिवस हाताला अंदाजच नव्हता.
गिऱ्हाईक खूष."

मी गप्प राहिले.
मार्कांसाठी नाही.

रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा असतो.
'भावनिक अभिव्यक्ती: मर्यादित' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं,
खोडलं, परत लिहिलं.
'वाटा'ला 'हीप' लिहिलं.
गव्हाणकर मॅडमनी त्याच्याखाली लाल रेघ मारली,
बाजूला प्रश्नचिन्ह.
दहापैकी साडेसहा.

सोमवारी फीचा तिसरा हप्ता.
आत्याच्या नोटा मी रात्री पंख्याखाली पसरते,
वर पावडर भुरभुरवते, उशीने दाबते.
तरी काउंटरवरचा मुलगा
मशीनमध्ये घालण्याआधी क्षणभर थांबतो.
तेवढं थांबणं मोजायला
आमच्याकडे अजून चाचणी नाही.

पावतीच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरात:
'भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही.'
तेही आत्याला वाचून दाखवलं.
परत वाच, म्हणाली नाही.
कोयत्याला धार लावत होती, थांबली नाही.
"हां," म्हणाली,
"हे ओळखीचं वाटलं."