एक हजार सतरा

उद्यमनगरात, सुतारकाकांच्या लेथच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
फरशी दिवसभर बारीक थरथरते,
चहाच्या कपात वर्तुळं उठतात.

काम बाबगोंडा चौगुल्यांचं.
यार्डात गुळाच्या रव्याला बोली लागली
की त्याच क्षणी ती कागलात दिसली पाहिजे, निपाणीत दिसली पाहिजे,
राजकोटच्या पेढीवर दिसली पाहिजे.
"धा हजार माणूस आलं तर दम धरंल न्हवं तुमचा सर्व्हर?"
धरेल, म्हणाले मी.
तोंडातून गेलं.

मग खोटी माणसं केली दहा हजार.
नाव नाही, गाव नाही,
नुसतं दार वाजवायचं आणि आत जाऊन गप्प बसायचं.
हजार भराभर आत गेली.
एक हजार सतरावर थांबली.

पुन्हा सोडली. एक हजार सतरा.
सर्व्हर दुप्पट घेतला, भाडं दुप्पट झालं,
एक हजार सतरा.
तौफिक शिकलगार म्हणाला, नेटवर्क.
मी म्हणाले, कोड.
दोघांनी आपापलं खरं करण्यात बुधवार घालवला,
राऊटर बदलला, रांग लांबवली,
मिसळ मागवली आणि थंड केली.

सर्व्हर मात्र निवांत,
जेवून कट्ट्यावर बसलेल्या माणसासारखा.
काम चार टक्के. वहीत एक चूक नाही.
ज्यांना त्यानं हाकललं म्हणत होतो
ती त्याच्या दारापर्यंत आलीच नव्हती.
हे मी तीन दिवस बघत होते
आणि वाचत नव्हते.

रात्री काका किल्ली द्यायला वर आले,
बोटांना अजून ऑइल.
"काय मोडलंय?"
हजार सतरावर तुटतंय काका.
"रोज?"
रोज.
"त्याच जागी?"
त्याच.
"मग मोडत न्हाई पोरी ते.
दमलेला दांडा आज हितं तुटतो, उद्या तितं.
एकाच मापावर थांबतंय म्हंजे
कुणीतरी स्टॉपर लावलाय."
किल्ली टेबलावर. चपलांचा आवाज जिन्यात.

कुणी?
सर्व्हर सोडला, आणि पहिल्यांदाच
वाजवणाऱ्याकडं वळले:
कोपऱ्यातला आमचा जुना लॅपटॉप,
झाकणावर तालमीच्या फुटबॉल संघाचा अर्धा सोललेला स्टिकर,
एकटाच दहा हजार होऊ बघणारा.
विचारलं, एका वेळी किती हात तुला?
एक हजार चोवीस, म्हणाला.
सात त्याचे स्वतःचे.
ऐकायला एक, बोलायला एक, चुकलं तर ओरडायला एक,
वहीला एक, बाकीचे असेच घरगुती.
उरले ते मला रोज सांगत होता.

एक ओळ बदलली.
दहा हजार आत.
तौफिकनं टेबलावर थाप मारली, मी पुन्हा सोडली, पुन्हा दहा हजार.
हावरेपणानं लगेच तिसऱ्यांदा सोडली,
आठ हजारांवर अडकली.

या खेपेला घाबरले नाही. बसून बघितलं.
मिटवलेलं कनेक्शन लगेच जात नाही,
मिनिटभर उंबऱ्यात उभं राहतं,
एखादा शेवटचा शब्द वाटेत राहिला असेल म्हणून.
तोवर त्याची जागा दुसऱ्याला मिळत नाही.
"एक मिनिट थांब की मग," तौफिक म्हणाला.
थांबले.
कधी नव्हे ते नुसतीच बसले एक मिनिट.
रिकामा कप. खाली लेथ बंद.

सोमवारी सौदा.
स्क्रीनवर माणसं: त्रेसष्ट.
चौगुले फोनवर, "आलं का समदं?"
आलं, म्हणाले, जागा आहे अजून.
रवा चढत होता, आकडे कागलला पोचत होते,
त्रेसष्टचे चौसष्ट झाले.
कोण ते बघायला वाकले,
आणि लक्षात आलं,
कपातला चहा हलत नव्हता.