अक्रोडातली गोळी

वादळात पडलेला काळा अक्रोड
एप्रिलात मिलर्डच्या गिरणीवर नेला.
चौथी फळी निघताना पात्याचा सूर बदलला,
किंचाळला नाही, नुसता जड झाला,
झोपेत कूस बदलणाऱ्या माणसासारखा.
मिलर्डने यंत्र थांबवलं, भुसा झटकला.
लाकडात कोटाच्या बटणाएवढी चकती चमकत होती,
भोवती निळसर काळा डाग.
"स्लग," तो म्हणाला. "बारा बोअरची.
कुणाचा तरी चुकलेला नेम."

आमच्या जिल्ह्यात हरणासाठी रायफल चालत नाही.
आयोवाची ही जमीन ताटासारखी सपाट,
रायफलची गोळी मैलभर पल्याड
कुणाच्या गोठ्यात शिरेल, नेम नाही.
म्हणून शॉटगन, आणि तिच्यात छऱ्यांऐवजी
औंसभर शिशाचा एकच गट्टू.
दीडशे पावलांपुढे तो दमतो, मातीकडे वळतो.
बाबा म्हणायचे, यात सभ्यता आहे:
मारायचं तर जवळ जावं लागतं,
इतकं, की त्याच्या नाकातली वाफ दिसावी.

जखम जिथून मिटत आली होती
तिथून सालीपर्यंत रेषा मोजल्या मी, नखाने.
तेहतीस.
मिलर्डकडून पेन्सिल घेऊन पुन्हा मोजल्या.

मी नऊ वर्षांची. डिसेंबरातला पहिला शनिवार.
बाबा, गेरिटकाका, ड्वेन हाफस्ट्रा,
नारिंगी जाकिटं घालून मक्याच्या खुंटांतून
हाकारा घालत ओढ्याकडे गेलेले.
मी ओट्यावर बसून बटाटे सोलत होते,
आई माझ्या मागे, केसांतला गुंता काढत.
एक बार ऐकला आम्ही. जवळचा.
काचा थरथरल्या.
"मिळालं वाटतं," आई म्हणाली.

बाबा रिकाम्या हातांनी आले.
बूट न काढताच खुर्चीत बसले,
आणि आई त्यांना त्याबद्दल बोलली नाही,
हे मला तेव्हाच विचित्र वाटलं होतं.
"हरीण दिसलंच नाही."
"मग तो बार?"
"गेरिटचा."
गेरिटकाका हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही,
कॉफीत साखर ढवळत राहिला.
तो साखर घेत नसे.

त्याच हिवाळ्यात बंदूक ड्वेनला विकली.
खांदा दुखतो म्हणाले, धक्का सोसत नाही.
पटलं आम्हाला. घोड्याची लाथच ती.

काल त्या बुंध्यापाशी जाऊन उभी राहिले.
गोळी आली त्या ओढ्याकडे पाठ केली,
छातीच्या उंचीवर हात धरला.
सरळ समोर, साठ पावलांवर,
स्वयंपाकघराची खिडकी.
मध्ये हरीण असणार तेव्हा,
पांढरी शेपटी उभारून,
कुणालाही मोह व्हावा इतकं जवळ.
आणि हे झाड, जे आजोबा
दरवर्षी तोडू म्हणायचे, सावली पडते म्हणून.

फळीचा तेवढा तुकडा कापून घेतला,
कडा घासल्या, वृद्धाश्रमात नेला.
बाबांनी चष्मा शोधला नाही.
अंगठा शिशावर ठेवला
आणि तिथेच राहू दिला.
बाहेर कुणीतरी जेवणाची गाडी ढकलत गेलं.
"चांगला अक्रोड होता," म्हणाले.
"हो."
मग म्हणाले, खिडकीचा पडदा ओढ.
ऊन नव्हतं.
मी ओढला.