बादलीतलं निळं

रायबंदरच्या धक्क्यावर फेरीबोट उशिरा लागली.
मांडवी आज चहाच्या रंगाची,
तोही दुसऱ्यांदा उकळलेला.
दीक्षिता माझ्या शेजारी, पाठीला दप्तर, हातात अर्धा उंडा.
म्हणाली, टीचर, काल पप्पांनी मोबाइलवर दाखवलं.
जहाज थांबलेलं, भोवती समुद्र दौत सांडल्यासारखा निळा.
त्यांनी दोरी सोडून बादली भरली, वर ओढली,
कॅमेरा बादलीवर धरला,
तर आत काहीच नाही.
म्हणजे पाणी होतं. निळं नव्हतं.
ते कुठं गेलं?

वीस वर्षं मी आठवीला सांगत आलेय,
समुद्रात आकाश दिसतं म्हणून तो निळा, चला, पुढचा धडा.
खोटं नव्हे ते. अर्धं आहे,
दोन मार्कांना पुरेल एवढं.

फेरीचा कठडा धरून मी उरलेलं अर्धं जुळवत गेले:
पाणी लाल खातं, बाय.
अगदी हळू खातं. पेल्यात कळत नाही, बादलीत कळत नाही.
पण वाव दोन वाव करत खाली जा,
उन्हातला तांबडा आधी संपतो, मग नारिंगी,
मग पिवळ्याचीही वाट लागते.
दहा वाव खाली कुंकवाची डबी उघडलीस
तर ती काजळाची वाटेल.
निळा तेवढा तग धरतो,
इकडेतिकडे आपटत पुन्हा वर येतो,
आणि कठड्यावरून वाकलेल्या पप्पांना दिसतो.
बादलीत तेवढी खोली कुठली?

मग आमची मांडवी?
तिनं हे विचारायला नको होतं.
मांडवीला खोली आहे गं, पण पोटात खाणींचे डोंगर आहेत,
खारफुटीचा कुजलेला पाला आहे,
उजेड हातभरही खाली उतरत नाही.
दीक्षितानं पाण्याची बाटली आभाळाकडे धरली,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
उंड्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला.

चोडणच्या शाळेत वीज नव्हती. बरंच झालं.
खिडक्या लावल्या. लोणच्याची बरणी घेतली
(तीनदा धुऊनही मेथीचा वास),
पाण्यात दुधाचे चार थेंब,
एका बाजूनं मोबाइलची बॅटरी.
कडेनं बघणाऱ्यांना बरणी निळसर,
धुरकट, पहाटेसारखी.
समोरून बघणाऱ्यांना दिवा तांबूस.
शेवटच्या बाकावरून ऑर्विल ओरडला,
टीचर, बरणीत सांज झाली!

मी म्हटलं, हवेतून निघालेला निळा
आखूड पावलांचा. जागोजागी ठेचकाळतो,
सगळीकडे सांडतो, त्यालाच आपण आभाळ म्हणतो.
लाल लांब ढांगा टाकत सरळ निघून येतो.
मग आभाळ जांभळं का नाही,
हे कुणी विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

परतीच्या फेरीत सूर्य पणजीच्या पलीकडे,
कॅसिनोच्या पाट्यांमागे बसत होता.
इतका तांबडा, की नदीचाही चहा गोड वाटावा.
दीक्षिता म्हणाली, ह्याच्यातलं निळं वाटेत सांडलं ना?
कुणावर सांडलं?

मी हिशेब केला. इथून पश्चिमेला, दोनतीनशे किलोमीटरवर,
जिथं ऊन अजून थोडं वर असेल,
त्या समुद्रावर. तिथल्या जहाजांवर.
आणि फार बेताबेतानं म्हटलं,
तुझ्या पप्पांवरही, कदाचित.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
चुकीचं बेरजेचं उत्तर तपासणाऱ्या मुलीसारखं.
पप्पा ब्राझीलला आहेत, टीचर. सांतोसला. साखर भरतायत.

इंजिनाचा आवाज बदलला, रायबंदर जवळ आलं.
मी काही बोलणार, तोच ती म्हणाली,
असू दे.
दुसऱ्या कुणाच्या तरी पप्पांना मिळालं असेल.

फेरीची फळी खडखडत धक्क्याला टेकली.
आधी स्कूटर उतरल्या.